गवंड्याच्या सत्काराचं भाषण

“आवं अण्णा! हिकडं काय बी ऐकू येत न्हाई! कर्णा फिरवा की जरा!”

मांडवाच्या पार मागून, पिंपळाच्या पलीकडून, एक बाई ओरडत होती. आणि मी माइकसमोर उभा राहून तिच्याच नवऱ्याचं कौतुक करत होतो. नवरा स्टेजवर खुर्चीत होता. बसला होता म्हणणं बरोबर नाही. दोघांनी त्याला उचलून आणून तिथं ठेवला होता. कलंडू नये म्हणून पोटाशी उपरणं आवळून खुर्चीच्या पाठीला बांधलं होतं. वरून झेंडूचा जाड हार घातल्यामुळं ते उपरणं कुणाला दिसत नव्हतं.

मी त्या बाईला हातानंच ‘थांब’ म्हणून खुणावलं आणि आवाज आणखी चढवला.

माझा लाऊडस्पीकरचा धंदा होता. आष्ट्याच्या अलीकडं आमचं गाव, आणि पंचक्रोशीत कर्णे असलेला मी एकटा. लग्न, बारसं, जत्रा, कुस्त्यांचा फड, मंत्र्यांचा दौरा, काहीही असो, मोटारीची बॅटरी खांद्यावर मारून मी हजर. माझ्या कर्ण्याची ताकद काय सांगू? मी इथं ‘हॅलो, हॅलो’ म्हटलं की आष्ट्यात कुत्री भुंकायची आणि मिरज जंक्शनात उभा असलेला इंजिन ड्रायव्हर शिट्टी झाली समजून गाडी सोडायचा. त्यात भाषणाचीही हौस. पाहुणा वेळेवर आला नाही तर पाहुण्याचं भाषण मीच करून टाकायचो. पाहुणा आल्यावर लोक त्याला म्हणायचे, “मगाशी लय भारी बोललासा.”

त्या दिवशी हायस्कूलच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. आणि गवंड्याचा सत्कार.

ही इमारत आमच्या गावानं श्रमदानातून बांधली, असं आजही सांगतात. ते खोटं नाही, पण सगळं खरंही नाही. ठेका सांगलीच्या एका ठेकेदाराकडं होता. गवंडी, सुतार, बिगारी, सगळे त्याच्या रोजावर. रविवारी मात्र सगळं गाव लोटायचं. ज्यांनी जन्मात स्वतःच्या बैलाला पाणी दाखवलं नव्हतं, असे लोक धोतराचा काचा मारून घमेली वाहायचे. चेअरमन एक घमेलं उचलायचे आणि फोटो निघेपर्यंत तसेच उभे राहायचे. पण गाव घमेली वाहून आणणार, तर दगड भिंतीवर बसवणार कोण? त्यासाठी रविवारीही गवंडी परांचीवर लागायचे, आणि ते रोजावरच लागायचे. बाजाराच्या दिवशी ठेकेदार पारावर बसून आठवड्याची मजुरी वाटायचा, त्यात रविवारचा रोज धरलेला असायचा. मी तिथंच बाजूला बॅटरी चार्ज होत असताना बसलेला असायचो. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

त्यातल्या एका गवंड्याची ही हकिगत. माणूस आमच्याच गावचा, ओढ्यापलीकडच्या आळीतला. ती आळी छप्पन साली बौद्ध झाली. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळ्यांनी गावकी केलेली: सांगावा पोचव, मेलेलं ढोर ओढ, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळ. ह्यानं ती सोडली आणि कोल्हापूरकडं जाऊन थापी धरायला शिकून आला. हाताचा असा सरळ की त्यानं रचलेल्या भिंतीवरून मुंगी चालली तर तिलासुद्धा वळण घ्यावंसं वाटायचं नाही. बोलायला मात्र कंजूष. मी बोलतोय तेवढंच पुरे, असं बहुधा त्याला वाटत असावं.

तो पडला तो रविवारच होता. शाळेच्या त्रिकोणी भिंतीचं टोक बांधायचं चाललं होतं. परांचीचे वासे सुंभानं बांधलेले, आणि ते सुंभ एक पावसाळा खाऊन कुजलेलं. गवंड्यानं ठेकेदाराला ते दोनदा दाखवलंही होतं. “पुढच्या आठवड्यात नवीन आणू,” असं ठेकेदार म्हणाला होता. त्या दिवशी श्रमदानाचा जोर इतका, की नको नको म्हणताना चारपाच हौशी घमेल्यांसकट वर चढले. गाठ सुटली. हौशी मंडळी भिंतीला लोंबकळली आणि वाचली. गवंडी सगळ्यांत टोकाला होता, तो खाली दगडांच्या ढिगावर आला.

किती उंचावरून पडला, हे मी सांगणार नाही. त्याचं कारण आहे. त्या संध्याकाळी हॉटेलात मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भिंत होती तेवढीच होती. दुसऱ्या दिवशी ती देवळाच्या शिखराएवढी झाली. आठवडाभरात गवंडी पडता पडता वाटेत घारीला धडकला. माझ्या तोंडून ती भिंत सारखी वाढत गेली, आणि खाली पडलेला माणूस मिरजेच्या इस्पितळात कमरेखाली बधिर होऊन पडून राहिला.

उसाच्या ट्रकमधून त्याला मिरजेला नेला होता. किती तरी महिने तो तिथं होता. परत आला तो चौघांच्या खांद्यावरून, जिवंत. कंबरेपासून खालचं काहीच त्याचं ऐकत नव्हतं. दोन लेकरं, बायको. बायको दुसऱ्यांच्या उसात भांगलायला जायला लागली.

शाळा पुरी झाली तेव्हा ठेकेदार माझ्याकडं आला. पान खाता खाता म्हणाला, “गावानं त्याचा काहीतरी मान ठेवला पाहिजे हो. शाल माझ्याकडून. कर्ण्याचं भाडंही माझ्याकडून. तुम्ही मात्र भाषण असं करा, की लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. त्यानं श्रमाचं दान केलं, ते जरा जोरात घ्या. लोकांना स्फूर्ती मिळते.”

हा माणूस तेव्हाच पुढचा डाव बघून बोलत होता, की त्याचं मनही खरोखरच खात होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला तेव्हा एवढंच कळलं की भाषण आपल्याला करायचंय.

आणि केलं. असं केलं की विचारू नका. “या माणसानं दाम मागितला नाही!” मी गरजलो. “म्हणाला, शाळा गावाची, घाम गावाचा, आपल्याच लेकरांच्या शाळेला मजुरी कसली घ्यायची? मंडळी, कुणी गावाला जमीन देतं, कुणी पैसा देतं. ह्या वाघानं आपले दोन पाय दिले!” टाळ्यांचा असा कडकडाट झाला की तिकडं मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या दुकानांत टांगलेल्या भोपळ्यांनी सूर धरला. चेअरमननी डोळे पुसले. ठेकेदारानं शाल घातली. आमच्या गावात त्या आळीचा माणूस स्टेजवर खुर्चीत बसायची ती पहिली वेळ, म्हणून गाव स्वतःवरही खूष होतं. गवंड्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, गहिवरला.

कर्णे दोन होते. एक चावडीकडं तोंड करून, एक वाण्याच्या गल्लीकडं. ओढ्यापलीकडच्या आळीकडं कर्णा लावायची पद्धतच नव्हती. त्या आळीतल्या बायका पिंपळाच्या मागं बसल्या होत्या, कर्ण्याच्या पाठीशी. भाषण काय झालं ते त्यांना दुसऱ्यांकडून कळलं.

मी वायरी गुंडाळत होतो तेव्हा गवंड्याची बायको आली.

“अण्णा, ह्यांनी दान केलं म्हणालासा म्हणं?”

“व्हय! भाषण लय रंगलं बघ. तुला ऐकू यायला पाहिजे हुतं.”

“सासरा हुता तवर आमच्या घरानं गावाचं फुकाट केलं,” ती म्हणाली. “ते सुटावं म्हणून ह्यांनी थापी धरली. थापीला रोज मिळतो, म्हणून धरली. आन तुमी समद्यांच्या म्होरं पुन्यांदा फुकाटात घातलंसा.”

“अगं, मान केला गावानं त्याचा!”

तिनं खाली पडलेला हार उचलला, झेंडूची फुलं ओच्यात घेतली आणि गेली. मला राग आला. एवढं चांगलं बोललो तरी ह्या बाईला किंमत नाही, असं वाटलं. त्या रागावर मी दोन दिवस जेवलो.

तिचा भाऊ पलटणीतून रजेवर आला होता. त्यानं सांगितलं, कामावर माणूस पडला तर मालकानं भरपाई द्यायची, असा कायदा आहे. तो तिला घेऊन साताऱ्याला एका वकिलाकडं गेला. वकील तरुण, कोटाची बाही तोकडी, पण कायदा पाठ. जागा बघायला तो आमच्या गावी आला, तेव्हा मीच त्याला शाळा दाखवली. मी भिंतीची उंची सांगायला दोन्ही हात वर केले, तर तो म्हणाला, “राहू द्या. इमारत बारा फुटांच्या वर असली की कायद्याला पुरते.” आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गोष्टीबद्दल कुणी म्हटलं की यातली खरी उंचीच पुरे.

मग तो शाळेच्या पायरीवर बसून बोलला. “ठेकेदाराची चूक होती का, सुंभ कुजलं होतं का, हे सिद्ध करायचीसुद्धा गरज नाही. मजूर कामावर असताना कामामुळं पडला, की मालकावर भरपाई लागली. मालक काय म्हणेल? दारू प्यायला होता म्हणेल.”

“त्यो? त्यो माळकरी नव्हं, पण चहासुद्धा विचार करून पितो.”

“मग ते गेलं. सांगितलेलं मुद्दाम मोडलं म्हणेल.”

“उलट त्यानंच ठेकेदाराला सांगितलं हुतं.”

“मग राहिला एकच प्रश्न. त्या दिवशी तो मजूर होता का?” वकिलानं माझ्याकडं पाहिलं. “कोण कुठला माणूस भाषणात बोलला म्हणे, की तो दान करत होता?”

मी शाळेच्या कौलांकडं बघत राहिलो. कौलं मंगलोरी होती. चांगली बसली होती.

सांगलीच्या कोर्टात तारीख लागली. भरपाईचे दावे ऐकायला जज्जसाहेबच बसायचे. आणि मला समन्स आलं ते ठेकेदाराकडून. मी त्याचा साक्षीदार! माझ्याआधी गावातले तिघे पिंजऱ्यात उभे राहिले आणि तिघांनीही सांगितलं, रविवारी सगळं श्रमदानच. त्यांना ठेकेदारानं काही दिलं होतं, असं मला वाटत नाही. माझं भाषण गावाच्या तोंडात बसलं होतं. बाहेरगावचे लोक शाळा बघायला यायचे, त्यांना हेच सांगितलं जायचं. आपल्या गावात त्या दिवशी कुणी मजुरी घेत होतं, हे सांगायची आता सगळ्यांना लाज वाटत होती. ती लाज मी तयार केलेली.

गवंड्याला त्याच्या मेहुण्यानं पाठीवरून कोर्टात आणलं होतं आणि भिंतीशी सतरंजीवर बसवलं होतं. बायको शेजारी.

ठेकेदाराचा वकील जाडजूड, आवाज माझ्यासारखा. त्यानं विचारलं, “‘या माणसानं दाम मागितला नाही’ हे शब्द तुमचे?”

“माझे.”

“सगळ्या गावासमोर बोललात?”

“व्हय. कर्ण्यावरून.”

“त्याची बायको तिथं हजर होती. तिनं हरकत घेतली?”

“ती ओरडत हुती, साहेब.”

“काय ओरडत होती?”

“ऐकू येत न्हाई म्हणून.”

कोर्टात हशा पिकला. इथं माझी गोम आहे, ती सांगतो. हशा ऐकला की माझ्या अंगात येतं. घरी मयत असलं आणि कुणी हसलं तरी मी पुढचं वाक्य शोधायला लागतो.

साताऱ्याचा वकील उठला. त्यानं शांतपणे विचारलं, “दाम नको, हे गवंडी तुम्हाला म्हणाला होता का?”

स्टेजवरून त्यानं माझ्याकडं वळवलेली मान मला दिसली. तो गहिवर नव्हता, हे मला तिथं, पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कळलं.

“न्हाई,” मी म्हणालो. “त्यो काय बी म्हणाला नव्हता. मी रंगवलं.”

“रविवारचा रोज त्याला मिळायचा, हे तुम्ही पाहिलं आहे?”

“दर बाजाराला पाहिलंय. ठेकेदार पारावर बसून वाटायचा.”

असं सांगून मी गप्प बसलो असतो, तर काय झालं असतं कोण जाणे. पण ठेकेदाराचा वकील पुन्हा उभा राहिला. आपला साक्षीदार फिरला म्हणून साहेबांकडून परवानगी घेतली आणि माझ्याकडं वळला.

“जत्रेत कुस्त्यांच्या फडावर तुम्हीच बोलता ना? ‘हिंदुस्थानात याच्या तोडीचा मल्ल नाही’ असं ज्याच्याबद्दल गेल्या जत्रेत ओरडलात, तो किती वेळ टिकला?”

प्रश्न साधा होता. ‘हरला’ एवढं उत्तर पुरलं असतं.

“शड्डू ठोकेपर्यंत टिकला, साहेब,” मी म्हणालो. “नंतरचं त्याला पण आठवत न्हाई.”

अख्खं कोर्ट हसलं. बेलिफ हसला. जज्जसाहेबांनी चष्मा काढून पुसला. आणि मी फुललो. खोटं कशाला सांगू, मी फुललो. “आणि साहेब, मंत्री आले तेव्हा...” म्हणून आणखी एक गंमत सुरू केली. माझं लक्ष भिंतीकडं गेलं तेव्हा ते दोघं नवरा-बायको हसत नव्हते. ठेकेदाराचा वकीलही हसत नव्हता. तो नुसता बाजूला सरकून उभा होता, मला जागा करून देत.

“पुरे,” साहेब म्हणाले. “तुम्ही भाषणात सांगितलं ते खोटं, असं तुम्ही म्हणता. फडावर सांगता ते खोटं, असंही म्हणता. मग आता सांगता ते कोणत्या खात्यात धरू?”

“आत्ताचं खरं आहे, साहेब. शपथेवर आहे.”

“बसा.”

निकाल लागला तेव्हा माझं बोलणं साहेबांनी दोन्ही बाजूंनी सोडून दिलं होतं. ना भाषण धरलं, ना साक्ष. राहिले गावातले ते तिघे, आणि गवंड्याचं स्वतःचं सांगणं. कागद कुणाकडंच नव्हता. सोबतचे दुसरे गवंडी कर्नाटकात कामाला गेले होते, त्यांना शोधून आणायला कुणाजवळ वेळ आणि गाडीभाडं नव्हतं. त्या दिवशी तो ठेकेदाराच्या मजुरीवर होता हे शाबीत होत नाही, असं ठरलं. दावा गेला.

साताऱ्याचा वकील कोर्टाच्या पायरीवर म्हणाला, वर अपील करता येईल. मेहुण्याची रजा संपली होती. तो परत पलटणीत गेला आणि अपील तिथंच राहिलं.

मी बरेच दिवस ओढ्यापलीकडं गेलो नाही. कर्ण्याच्या सुपाऱ्या घेतल्या, पण भाषणं दुसऱ्यांना करू दिली. लोक म्हणायचे, “अण्णा, आज आवाज बसलाय का?” मी म्हणायचो, “व्हय, गळा धरलाय.” त्या शाळेपुढून जायचं म्हटलं की मी सायकल लांबच्या वाटेनं घ्यायचो. ठेकेदारानं दिलेलं भाडं मी घेतलं होतं. नव्या बॅटरीत घातलं होतं. ती बॅटरी चांगली चालली, हेही सांगून टाकतो.

शेवटी एका संध्याकाळी गेलो. इतकी वर्षं गावात, पण त्या घराचा उंबरा मी कधी ओलांडला नव्हता. बाहेरूनच हाक मारायची, हीच रीत. त्या दिवशी ओलांडला. गवंडी बाजेवर होता, भिंतीकडं तोंड करून. बायको चुलीपुढं. लेकरं कुठं बाहेर खेळत होती.

मी उभ्या उभ्या सुरू झालो. गप्प बसायचं ठरवून गेलो होतो, पण तोंड उघडलं की माझं ते तसंच. म्हणालो, “वहिनी, मी हे असं सोडणार न्हाई. मी मुंबैला जातो. हायकोर्टाच्या दारात चार कर्णे लावतो. मंत्र्याच्या बंगल्याम्होरं बसतो. कर्नाटकात जाऊन एकेक गवंडी हुडकून आणतो, बैलगाडीत घालून आणतो! ह्या ठेकेदाराला सांगलीत तोंड दाखवायला जागा ठेवत न्हाई. गड्या, तू बघच. मी बोललोय, मीच निस्तरतो. मला फक्त सांग, काय करू? तू सांगशील ते करतो. सांग, काय करू?”

बायकोनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदराला हात पुसले आणि बाजेच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

“ह्यांस्नी परसाकडं न्यायचंय,” ती म्हणाली. “येक बाजू धरा.”